गोदीतला स्फोट आणि हजेरीपटाबाहेरची माणसे

या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही एका कॅनेडियन कादंबरीचे नाव सांगितले. ते थोडे चकित झाले. कामगार संघटनेच्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे आणि कादंबरीवर प्राध्यापकांनी बोलावे, अशी वाटणी आपल्याकडे ठरून गेलेली आहे. आमचे शिक्षण शाळेच्या बाकावर फारसे झाले नाही. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, दिवसाची कामे उरकल्यावर आणि बहुधा शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. त्यामुळे कादंबरीच्या कलागुणांविषयी आम्ही बोलणार नाही. तिच्या वाटेने आम्ही मुंबईच्या गोदीत कसे जाऊन पोहोचलो एवढेच सांगावयाचे आहे.

ह्यू मॅक्लेनन या लेखकाची ‘बॅरोमीटर रायझिंग’ ही कादंबरी १९४१ साली निघाली. मॅक्लेनन हा केप ब्रेटन बेटावरच्या कोळसाखाणींच्या गावात १९०७ साली जन्मला. बाप खाणकामगारांचा डॉक्टर. पुढे कुटुंब हॅलिफॅक्स बंदरात राहावयास आले आणि मुलगा दहा वर्षांचा असताना त्या शहराचा एक मोठा भाग काही क्षणांत नाहीसा झाला. ६ डिसेंबर १९१७ ची ती सकाळ. पहिले महायुद्ध चालू होते. दारूगोळ्याने भरलेले ‘मों ब्लां’ हे फ्रेंच जहाज बंदराच्या अरुंद भागातून आत येत होते आणि ‘इमो’ हे नॉर्वेचे जहाज बाहेर निघाले होते. दोघांची टक्कर झाली, आग लागली आणि नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. जळते जहाज पाहण्यासाठी लोक घराघरांतून खिडक्यांशी उभे होते. काचा फुटल्या आणि हजारोंच्या डोळ्यांना इजा झाली. दुसऱ्या दिवशी वर बर्फाचे वादळ आले.

कादंबरी या आठवड्याची आहे. कर्नल वेन हा प्रतिष्ठित घराण्याचा कर्ता. त्याची मुलगी पेनेलोपी जहाजांचे आराखडे काढते. भाचा नील मॅक्रे हा आघाडीवर गेलेला. लढाईतल्या एका अपयशाचे खापर मामाने त्याच्या माथी फोडलेले आहे आणि तो मेला असे सर्व धरून चालले आहेत. तो चोरून परत येतो. त्याला निर्दोष ठरवू शकेल असा एकच साक्षीदार आहे, अॅलेक मॅकेन्झी नावाचा साधा माणूस. स्फोटात तो जबर जखमी होतो, आणि मरण्यापूर्वी त्याची जबानी घेतली जाते म्हणून नायकाची अब्रू वाचते. टीकाकार म्हणतात, एका वसाहतीचे राष्ट्र कसे झाले त्याची ही कथा आहे. असेल. आमचे लक्ष मात्र त्या अॅलेकपाशी अडकले. त्याचे म्हणणे वेळेवर कागदावर उतरले नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

कागदावर उतरणे ही गोष्ट हॅलिफॅक्सच्या लोकांना ठाऊक होती. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा समुद्रातून काढलेली प्रेते याच शहरात आणली गेली. त्या वेळी तेथील अधिकाऱ्यांनी एक पद्धत घातली. प्रत्येक प्रेताला क्रमांक द्यावयाचा, अंगावरच्या वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवावयाच्या आणि वर्णन लिहून ठेवावयाचे. पाच वर्षांनी हीच पद्धत एका शाळेच्या इमारतीत पुन्हा कामी आली. आज त्या शहराच्या स्मरणग्रंथात मृतांची १,७८२ नावे आहेत. आकडा नव्हे, नावे. तरी तेथेही पाण्यापलीकडे मिकमाक आदिवासींची एक वस्ती होती. ती पार वाहून गेली, पुन्हा वसली नाही आणि तेथले नेमके किती गेले याचा हिशेब कधी लागला नाही. पद्धत कितीही चांगली असली तरी जो आधीपासूनच वहीत नाही त्याला ती कोठून आणणार?

आता आपल्याकडे येऊ. हॅलिफॅक्सनंतर सत्तावीस वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, मुंबईच्या गोदीत तसाच स्फोट झाला, आणि ज्या जहाजावर झाला तेही कॅनडातच बांधलेले होते हा योगायोग आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील प्रिन्स रूपर्ट या गावी १९४२ साली ते तयार झाले. नाव ‘फोर्ट स्टिकीन’, वजन सात हजार टनांहून थोडे अधिक. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असे करीत १२ एप्रिलला मुंबईस पोहोचले. पोटात १,३९५ टन स्फोटके, विमाने, आणि ३१ पेट्यांतून सोन्याच्या विटा, किंमत त्या वेळच्या हिशेबाने नऊ लाख पौंडांच्या आसपास. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत ८,७०० गठाणी रुई, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंड भरले गेले. कप्तान नेस्मिथने या भरणीबद्दल आपली हरकत नोंदवून ठेवली होती. पण युद्ध चालू होते, जहाजे अपुरी होती, आणि अशा वेळी हरकतीचा कागद फायलीत जातो व माल जहाजात जातो.

ही रुई सिंध-पंजाबकडची होती, वऱ्हाडची नव्हती. पण रुई म्हणजे काय हे या सभागृहात बसलेल्यांना आम्ही सांगावे असे नाही. जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा रेल्वेफाटा १८७० साली झाला तो या रुईसाठीच झाला. जिन-प्रेसमध्ये काम केलेला कोणीही माणूस सांगेल की दाबलेली गठाण जळताना दिसत नाही. ठिणगी आत शिरली की ती आतल्या आत धुमसत राहते. गठाणीत दाबलेली हवा तिला पुरते. बाहेरून पाणी मारले की वरचा थर विझतो आणि आपण समाधानाने घरी जातो. पहाटे आतून पुन्हा धूर निघतो. म्हणून जाणता फिटर पाण्याच्या आधी गठाण उघड्यावर ओढून पट्ट्या तोडतो आणि ती फोडतो. तेलाचा डाग लागलेल्या रुईला तर ठिणगीचीही गरज नसते असे जुने लोक म्हणतात, आणि शास्त्रही तेच सांगते. पावणेदोनशे किलोची एक गठाण धरली तर त्या जहाजात दीड हजार टन रुई होती. ती खाली, आणि तिच्या वरच्या मजल्यावर स्फोटके!

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. हा दिवस आपण डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा म्हणून ओळखतो. त्या साली ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागून दोन दिवस झाले होते, माल उतरत होता, पण स्फोटके आधी उतरविली गेली नव्हती. दुपारी साडेबाराच्या सुमारास आजूबाजूच्या जहाजांवरील काही जणांना दोन नंबरच्या होल्डमधून धूर येताना दिसला. कोणी वर्दी दिली नाही. दोनच्या सुमारास जहाजावर आगीचा गलका झाला आणि बंब आले.

त्यानंतरच्या दोन तासांत काय झाले हे पुढच्या चौकशीतून बाहेर आले. जहाजात सुमारे ९०० टन पाणी ओतले गेले. धूर इतका दाट होता की आगीचे मूळ सापडेना. लोखंडी पत्रे तापून पाणी उकळू लागले. जहाज बाहेर न्यावे की जागीच बुडवावे यावर अधिकाऱ्यांत एकवाक्यता झाली नाही. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, अग्निशमन दलाचे अधिकारी असे सर्वजण हजर होते आणि सर्वांच्या वर कोणीच नव्हते. वाफ सोडून आग दडपण्याची सोय जहाजावर असते, ती वापरली गेली नाही. आणि ज्या एका गोष्टीने आम्ही वाचता वाचता थांबलो ती ही की, जहाजात धोक्याचा माल असल्याचे दाखविणारे लाल निशाण लावलेले नव्हते. १९१७ साली ‘मों ब्लां’वरही ते नव्हते. तेथे शत्रूला कळू नये म्हणून ते लावले नाही. शत्रूला कळू नये याची काळजी घेतली की आपल्याच हमालालाही कळत नाही. आपण जे उचलतो आहोत त्याच्या शेजारी काय ठेवले आहे हे जाणण्याचा हक्क त्याला असावा, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात असल्याचे दिसत नाही.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. जहाज दुभंगले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापकावर नोंद झाली आणि हादरा सिमल्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले. शेजारचे ‘जलपद्म’ हे जहाज लाटेने उचलले गेले आणि त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या गोदामावर जाऊन पडला. पेटलेल्या गठाणी आकाशातून मांडवी, मसजिद बंदर या भागांतल्या वखारींवर आणि झोपड्यांवर पडल्या. आग आटोक्यात यावयास तीन दिवस लागले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. आपल्या नगरपालिकेचा बंबही त्या दिवशी धुऊन हार घालून उभा असतो. कप्तान नेस्मिथही त्याच स्फोटात ठार झाला.

ही बातमी प्रथम जगाला कोणी सांगितली? जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्या दिवशी. कोहिमाला तेव्हा जपानी फौजेशी लढाई चालू होती आणि मुंबईत पुष्कळांना वाटले की बाँबच पडले. सरकारने मात्र वर्तमानपत्रांना सविस्तर छापू दिले ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आपला बुलढाणा जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. ज्याचा मुलगा किंवा भाऊ मुंबईत कामाला होता त्या घराला त्या मधल्या आठवड्यांत वर्तमानपत्रातून काय कळले असेल? स्टेशनवर उतरणाऱ्या उतारूंच्या तोंडून जे कळेल ते. पत्र आले नाही तर टपालाला उशीर झाला असे समजावयाचे.

सोन्याच्या विटांची गोष्ट सर्वांना आवडते. मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात एक वीट आकाशातून पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे सरकारजमा केली. गोदीतला गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत विटा सापडत होत्या आणि त्या ब्रिटिश सरकारला परत दिल्या जात होत्या. जवळजवळ सर्वच विटांचा हिशेब लागला म्हणतात. लागणारच, प्रत्येक विटेचे वजन आणि धनी कोण, हे कागदावर होते.

माणसांचे काय झाले? एका हिशेबात गोदीच्या निरनिराळ्या खात्यांतले कामगार आणि अग्निशमन दल मिळून मृतांचा आकडा २३१ दिला आहे, आणि बाहेरचे नागरिक ‘पाचशेहून अधिक’ असे म्हटले आहे. आम्ही आयुष्यभर हजेरीपट तपासण्याचे काम केले आहे, म्हणून हे दोन आकडे शेजारी पाहिले की आम्हांला त्यांतला फरक टोचतो. २३१ हा मोजलेला आकडा आहे. दोनशेतीस नव्हे, दोनशेबत्तीस नव्हे. ही माणसे कोणत्यातरी पगारपत्रकावर होती. संध्याकाळी पट उघडला आणि कोण परतले नाही ते कळले. ‘पाचशेहून अधिक’ हा अंदाज आहे. इतरत्र एकूण संख्या आठशे ते तेराशे अशी सांगतात. म्हणजे पाचशे जिवांची तफावत. दोन हजारांवर जखमी, ऐंशी हजार बेघर, पन्नास हजारांचा रोजगार गेला, हे सर्व आकडे शून्यांनी संपणारे आहेत.

ही तफावत कोठून येते ते सांगतो. मुंबईच्या गोदीत माल चढविण्या-उतरविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर टोळीवाल्यांमार्फत चाले. गोदीवाल्यांना आजच्या पाळीला किती माणसे हवीत ते टोळीवाल्याला सांगावयाचे, त्याने सकाळी फाटकापाशी जमलेल्या गर्दीतून ती निवडावयाची, आणि मजुरी त्याच्या हातून वाटली जावयाची. हा मजूर कोकणातला आणि घाटावरचा अधिक. आपल्याकडून गेलेले थोडे. ज्याला आज काम मिळाले त्याचे नाव उद्या कोणाकडे असेल असे नाही. टोळीवाल्याने माणसे मोजलेली असत, ओळखलेली असत. पण तो स्वतःच त्या दुपारी होल्डच्या तोंडाशी उभा असेल तर? शिवाय मांडवीच्या वखारींतले हमाल, हातगाडीवाले आणि उन्हाळ्यात दुपारी गोदामाच्या सावलीला झोपणारे. त्यांना तर टोळीवालाही नव्हता.

सरकारने नुकसानीची जबाबदारी घेतली आणि भरपाईसाठी १९४४ सालीच वटहुकूम काढला, ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. पण मागणी करावयाची तर पुरावा लागतो. वखारवाल्याजवळ मालाच्या पावत्या होत्या. ज्याच्या मागे फक्त गावाकडे एक बायको आणि दोन मुले होती त्याच्या वतीने कोण कोणता कागद दाखवणार? प्रेत नाही, हजेरी नाही, धनी नाही. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे ज्याची सात वर्षे खबर नाही तो मेला असे धरता येत असे. म्हणजे १९५१. तोपर्यंत त्या बाईच्या कपाळावर कुंकू होते आणि वहिवाटीला वारसाची नोंद नव्हती. अशी बाई आम्ही पाहिलेली नाही. आमचा जन्मही त्यानंतरचा. पण तिच्यासारख्यांची प्रकरणे आमच्या कचेरीत आजही येतात. एका जिनमध्ये रेच्याच्या पट्ट्यात हात गेलेल्या मजुराला, ‘हा आमच्याकडे कामालाच नव्हता, मित्राला भेटायला आला होता’, असे मालकाच्या बाजूने लेखी उत्तर आलेले आम्ही हातात घेऊन वाचले आहे. त्या उत्तरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आणि हे सर्व कोणाला माहीत नव्हते असेही नाही. व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारे रॉयल कमिशन १९२९ साली नेमले गेले. १९३१ च्या अहवालात त्याने गोदीतल्या टोळीवाल्यांची पद्धत वर्णन करून, गोदी कामगारांची नावे नोंदवा, फाटकावरची भरती थांबवा, अशी शिफारस केली होती. तेरा वर्षे ती शिफारस पडून राहिली आणि मग ‘फोर्ट स्टिकीन’ आले. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला १९४८ साली. त्याखाली पुढे मंडळ झाले, नोंदणी झाली, प्रत्येकाला क्रमांक आणि कार्ड मिळाले. त्यासाठी पी. डिमेलोंसारख्यांना संप करावे लागले, तुरुंगात जावे लागले. गोदीजवळच्या ज्या रस्त्याला पूर्वी फ्रियर रोड म्हणत त्याला आज त्यांचे नाव आहे. गोदीबाहेरच्या हमालाला, म्हणजे मांडवीच्या आणि आपल्या खामगाव-मलकापूरच्या बाजारातल्या हमालाला, कायद्याने नाव मिळावयास १९६९ साल उजाडले. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून झालेला माथाडी कायदा तो हाच. त्या कायद्यात मजुरीचे, भविष्यनिर्वाहाचे पुष्कळ आहे. आम्ही नव्या पोराला समजावताना मात्र प्रथम सांगतो की बाबा, मंडळाच्या वहीत आधी नाव घाल, मजुरीचे भांडण नंतर करू.

कोणी म्हणेल, स्फोटाचे कारण रुई आणि स्फोटके एकत्र ठेवणे हे होते. हजेरीपट असता तर स्फोट टळला असता काय? टळला नसता. पण एक विचारा. ज्या मजुराचे नाव कोठेच नाही त्याने साडेबारा वाजता धूर पाहिला तर तो कोणाला सांगेल? उद्या काम मिळेल की नाही हे ज्याच्या हाती त्या मुकादमाला, तेही मुकादम बरा असेल तर. नाव असलेला माणूस बोलू शकतो, कारण त्याला काढावयाचे तर कारण लिहावे लागते. त्या दुपारी वर्दी का दिली गेली नाही याची कारणे आणखीही असतील, चौकशीने चुकांची यादी दिलीच आहे. आमच्या मते हेही एक कारण त्या यादीत असावयास हवे होते.

मलबा उपसण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबली. सुमारे पाच लाख टन मलबा त्यांनी काढला आणि गोद्या पुन्हा चालू केल्या. पन्नास हजार टन धान्य जळाले होते, बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला होता, आणि धान्याचा काळाबाजार जोरात होता. असल्या दिवसांत अर्धपोटी झालेले हे काम आहे. त्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या आज पाहावयास मिळत नाहीत. अलीकडच्या वर्षांत भराव घालून त्या बुजविल्या आहेत.

आता एक विनंती. आमच्या कचेरीत आम्ही एक वही घातली आहे. या जिल्ह्यातून १९४४ च्या आधी मुंबईला गेलेला आणि त्या एप्रिलनंतर ज्याचे पत्र आले नाही असा कोणी आपल्या घराण्यात, भावकीत, गल्लीत असेल तर त्याचे नाव आणि गाव आम्हांला सांगावे. जुन्या पेटीत मनिऑर्डरीच्या पावत्या असतात. शेवटच्या पावतीवरची तारीख पाहावी. गावच्या जुन्या फेरफार नोंदींत १९५१-५२ च्या सुमारास ‘बेपत्ता’ म्हणून वारस लागलेला असेल तर ती नोंदही उतरून आणावी. आजी-आजोबांपैकी कोणी हयात असेल तर आधी त्यांना विचारावे आणि लगेच विचारावे. कचेरी बाजार समितीच्या मागल्या फाटकापाशी आहे, रविवार सोडून रोज संध्याकाळी सहानंतर उघडी असते.